मरळीच्या बांगड्या

ढिवरटोला, ता. अहेरी
दि. ९ नोव्हेंबर २०२५

माझी खातून हिले,

गोकुळाचा नमस्कार, अन् सलाम बी. कमरुद्दीनभाऊले सांग, मी विचारलं म्हणून. महेकचा एक मुका घे. आता ती मुका घेऊ देणाऱ्या वयाची राह्यली नसन, तरी घे.

आमच्याकडे सगळं बरं आहे. सोनूच्या बाबाचा डावा गुडघा त्यायले तळ्यात उतरू देत नाई, म्हणून ते काठच्या पाळीवर बसून बाकीच्यायले जाळं कसं फेकाचं ते शिकवतात अन् कोणी ऐकत नाई. या साली तळ्यात मरळ मासोळी बक्कळ आहे. तुझा पुतण्या बिलाल ट्रक घेऊन अहेरीले आला होता, त्याच्यापासून तुझा पत्ता घेतला. नंबर बी देत होता. मी म्हणलं, नंबर राहू दे बापा. फोनवर तुझी काकी मले दोन शब्दांत गप्प करते. कागदावर मले कोण थांबवते?

तर आधी खुशीची बातमी. आपली सोनू टीव्हीवर येऊन राह्यली! ती सोता नाई, तिचा ॲप. ती गडचिरोलीले खोली करून राहते, कॉम्पुटरचं शिकली. दोन वर्षांपासून एसटीनं गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसायच्या गोष्टी व्हिडिओत भरून राह्यली. बारा जण झाले. ॲपचं नाव ठेवलं ‘बोडी’. आपल्या गावच्या लहान तळ्याले आपण म्हणतो ना, तेच. मी म्हणलं, मोबाईलवर तर कोणीबी टाकते. तर म्हणते, ‘नाई आई, म्हातारे लोक टीव्हीसमोर बसतात. त्यायची बोली त्यायले टीव्हीतून ऐकू आली पाह्यजे.’

आता तुले वाटन, टाकला अन् झालं. तसं नसते वं. ज्या कंपनीचा टीव्ही, त्या कंपनीचं टीव्हीतच एक दुकान असते. त्या दुकानात आपला ॲप ठेवाचा असन तर लांबलचक अर्ज भराव लागते. मी सोनूच्या खोलीवर गेली होती, माझ्यासमोरच भरला. हे कोणत्या देशात बनलं? सोनूनं भारत दाबलं. कोणी बनवलं? कोणाच्या मालकीचं? ते बी भरलं. मंग आलं, भाषा कोणती. अन् खाली यादी. बाप्पा, काय यादी ती! जगातल्या सगळ्या भाषा होत्या, मी नावंबी ऐकले नाई अशा. आपली नव्हती. माझं माहेर आरमोरीकडचं, तिकडची झाडीबोली बोलते मी. सोनूनं थोडा वेळ यादी वरखाली केली अन् ‘मराठी’ दाबून टाकलं.

आठ दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. सोनूनं वाचून दाखवलं, का तुम्ही सांगितलेल्या भाषेशी आवाज जुळत नाई, म्हणून अर्ज नामंजूर.

मी म्हणलं, “म्हणजे काय?”

“म्हणजे आई, तू बोलते ते मराठी नाई म्हणतात.”

“मंग छप्पन वर्षं मी काय बोलून राह्यली वं?”

आम्ही दोघी इतक्या हासलो, इतक्या हासलो का घरमालकीण पाहाले आली.

सोनूनं त्यायले लिहिलं, का आमची भाषा तुमच्या यादीतच नाई तर आम्ही काय कराव? त्यायनं सांगितलं, ‘इतर’ निवडा, भाषेचं नाव लिहा, अन् ती कुठी बोलतात ते त्या भाषेच्या दोन माणसायच्या सहीनं लिहून पाठवा. एक सही माझी. दुसरी कोणाची, सांग? रामाजी गुरुजीची! ज्या गुरुजीनं ‘मले नाही, मला म्हण’ म्हणत सोनूच्या हातावर छडी मारली होती, तेच गुरुजी चष्मा पुसून पुसून दीड पान लिहीत बसले, का आमच्या बोलीचे शब्द वेगळे, तिचं वळण वेगळं. लिहून झाल्यावर सोनूले म्हणाले, ‘वाच अन् चुका काढ.’ सोनू म्हणाली, ‘गुरुजी, तुम्ही पूर्ण पुस्तकी मराठीत लिहिलं.’ गुरुजी खूप शरमले. पण कंपनीनं ते मान्य केलं.

आता तुले वाटत असन, एवढं सगळं मी तुले काऊन सांगून राह्यली.

खातून, बारा गोष्टींत एक माझी आहे. मरळीच्या बांगड्यांची.

मी कशी सांगितली ते लिहिते. तळ्यातली मरळ चिखलातून घसरत घसरत बाजारात येते अन् बांगडीवालीसमोर बसते. ‘बाई, मले बांगडी भर.’ बांगडीवाली म्हणते, ‘अरी ओ मच्छी की जाई, पहले हाथ तो दिखा!’ मरळ म्हणते, ‘हात असते तर मी जाळं नसतं फाडलं? मले नटाचं नाई बाई. माझे पिलं गढूळ पाण्यात हरवतात. आवाज आला तर माझ्यामागं येतीन.’ मंग बांगडीवाली हासत हासत तिच्या शेपटीत हिरवी बांगडी घालून देते, अन् तवापासून मरळीचे पिलं मायेमागं चालतात.

सगळ्यायले हेच गोष्ट आवडली. सोनूनं विचारलं होतं, ‘आई, ही कोणाची? मूळ कोणाची ते लिहाव लागते.’ मी म्हणलं, माझीच. तिनं लिहिलं, मी सही केली.

अन् झालं असं, का कंपनीनं परत पत्र पाठवलं. या गोष्टीत तिसऱ्या मिनिटापासून मधेमधे दुसरी भाषा येते. ही कोणती? हा भाग कोणाचा? कुठून आला? कारण मी बांगडीवाली बोलाले लागली का मीच तू होऊन जाते, खातून. मले माहीत बी होत नाई. तोंडातून तुझी हिंदीच निघते. तसंच हात नाचवणं, तसंच ‘अरी ओ’. यंत्रानं मले पकडलं वं.

सोनूनं माझ्याकडे पाह्यलं. मी सांगून टाकलं, का ही खातून मावशीची गोष्ट आहे, बाजारात शेजारी बसत होती ते. सोनू रागावली नाई. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘आई, दोन वर्षं मी गावोगाव सांगत फिरली का आपल्या गोष्टी कोणी चोरू नये म्हणून हे करून राह्यली.’ मंग तिनं सांगितलं, का मूळ माणूस खोटा निघाला तर कंपनी एक गोष्ट काढत नाई, पूर्ण ॲपच काढते. अकरा जणायच्या गोष्टी माझ्या एका शब्दानं जातीन. पाच डिसेंबरची मुदत आहे.

एवढं लिहिलं, आता उरलेलं बी लिहिते. हे काही मी पहिल्यांदा ‘माझीच’ म्हणलं नाई. तुले माहीत आहे.

तू मायच्या दुखण्यासाठी दोन महिने बल्लारपूरले होती. बाजारात चुना मारून जागा आखाले माणसं आले. एकानं विचारलं, ‘ही बाजूची कोणाची?’ मी म्हणलं, माझीच. तेव्हा खरंच तुझ्यासाठी धरून ठेवावं हेच मनात होतं. पण माझी जाऊ म्हणाली, काही दिवस मी बसते तिथी, अन् बसली. तू आली तेव्हा डोक्यावर बांगड्यांची पेटी होती. तू जावेकडे पाह्यलं, मंग माझ्याकडे. मी मान खाली घालून मासोळीचे खवले काढत राह्यली. त्या मासोळीवर एकबी खवला उरला नव्हता. तू भांडली असती तर मी जावेले उठवलं असतं, असं मी चौदा वर्षं मनाले सांगून राह्यली. ते बी खोटंच असन. सहा महिन्यांनी तुमचं बिऱ्हाड घुग्घुसले निघालं, त्या दिवशी बिमार आहे म्हणून मी घरीच राह्यली. बिमार नव्हती.

तू म्हणशील तर गोष्ट काढून टाकते. सोनूचं बाकी काम वाचते. अन् तू म्हणशील राहू दे, तर तुझं नाव अन् तुझी सही लागन. सही पाठवच असं मी म्हणत नाई. दोन ओळी लिहिल्या, शिव्या लिहिल्या, तरी चालन.

गोकुळा


घुग्घुस
दि. २१ नोव्हेंबर २०२५

गोकुळे,

वालेकुम सलाम. तुझं पत्र आलं तेव्हा मी छतावर चादरी वाळू घालत होती. इथली धूळ अशी का पांढरी चादर वर जाते अन् राखाडी होऊन खाली येते. तुझं पत्र वाचत बसली, चादरी उचलाच्या राहून गेल्या. त्या परत धुवाव्या लागल्या, त्याचं पाप तुझ्यावर.

आम्ही सब ठीक. यायचं, म्हणजे महेकच्या अब्बाचं, टायरचं दुकान चालते, ट्रक काही कमी नाई होत. तुझं पत्र यायनंबी वाचलं, दुकानात बसून, मोठ्यानं. दोन ड्रायव्हर पंक्चर विसरून ऐकत होते. एकानं विचारलं म्हणे, ‘फिर? बाईने सही दी क्या?’

महेकचं लगन जमलं. जानेवारीत निकाह आहे. पोरगा चंद्रपूरचा, चष्म्याच्या दुकानात कामाले, बोलाले कमी. महेक त्याच्या वाटचं बोलून घेईन.

सोनूनं बिलालपासून नंबर घेऊन महेकच्या फोनवर तुझा व्हिडिओ पाठवला. तीनदा पाह्यला. पहिल्यांदा हासली. दुसऱ्यांदा मले राग आला. मी अशी बोलते? अशी म्हशीसारखी? अन् हात एवढे नाचवते? महेक म्हणते, ‘अम्मी, इससे भी ज्यादा.’ तिसऱ्यांदा चुका मोजल्या. बांगडी हिरवी नव्हती, लाल होती. अन् तू तिच्या शेपटीत एकच बांगडी घातली. एक बांगडी वाजते का कुठी? वाजाले दोन लागतात. बांगडीचा धंदा केला असता तर समजलं असतं तुले.

आता कामाचं ऐक. ती गोष्ट तू चोरली नाई. तुले आठवत नाई, मले आठवते. उन्हाळा होता, बाजारात गिऱ्हाईक नाई, तुझी सोनू रडून राह्यली होती. तू माझी पेटी ओढून समोर घेतली अन् माझी नक्कल सुरू केली. ‘अरी ओ मच्छी की जाई’ हे मी उभ्या जिंदगीत कधी बोलली नाई. ते तूच बनवलं, मले चिडवाले. मंग मी तुझं टोपलं घेतलं, मरळ झाली अन् तुझ्यासारखी बोलाले लागली. ‘हात असते तर मी जाळं नसतं फाडलं’, हे माझं. म्हणजे त्या गोष्टीतली हिंदी तुझी आहे अन् झाडीबोली माझी आहे. आता विचार त्या कंपनीले, का कोणती भाषा कोणाची लिहू.

गोष्टीचं झालं. जागेचं मात्र खरं आहे. ती तू घेतली. मी भांडली नाई, कारण मले वाटत होतं तू उठशील. उभी राहून मी सात मासोळ्या मोजल्या तुझ्या टोपल्यात. तू उठली नाई. इथी आल्यावर मी परत पेटी उघडली नाई. मले बाजारच नको झाला. हे तुले कोणी सांगितलं नसन, म्हणून सांगून राह्यली.

ती जागा आता मले नको. पण तू एक कर. बाजारात, ज्या बाया तेव्हा होत्या अन् आजबी बसतात, त्यायच्यासमोर उभी राहून सांग का ही जागा खातूनची होती. मोठ्यानं सांग. मासोळी विकताना ओरडते तेवढ्या मोठ्यानं.

सही पाठवत नाई. २८ तारखेले महेकले घेऊन मीच येते. माझी नक्कल तू करू नको, तुले जमत नाई. सोनूले सांग मशीन तयार ठेव. अन् मरळीचं बोलणं मीच बोलीन, ते माझं आहे.

मासोळी करून ठेवजो. काटे कमीवाली. महेकले काटे काढता येत नाई, ते तिच्या सासरी कोणाले सांगितलं नाई अजून.

खातून


ढिवरटोला
दि. १८ डिसेंबर २०२५

खातून,

पास झालं! काल दुपारी सोनूचा फोन आला. आधी नुसतीच रडून राह्यली. मंग म्हणाली, ‘आई, घेतला त्यायनं. बोडी टीव्हीत आली.’ मी बाहेर जाऊन सोनूच्या बाबाले पाळीवर ओरडून सांगितलं. ते गुडघा विसरून उठले अन् मंग गुडघ्यानं त्यायले आठवण करून दिली.

संध्याकाळी रामाजी गुरुजीच्या घरच्या टीव्हीवर सगळ्यायनं पाह्यलं. दहा माणसायच्या घरात चाळीस माणसं बसले. आपल्या गोष्टीखाली लिहून आलं. भाषा: झाडीबोली, हिंदी. कथन: खातून कमरुद्दीन शेख, गोकुळा घनश्याम मेश्राम. मूळ ठिकाण: आठवडी बाजार, अहेरी. गुरुजीनं ते मोठ्यानं वाचलं. सोनू सांगत होती, का त्या अर्जात एका माणसाचं नाव लिहाले एकच चौकट होती. तिनं कंपनीशी पाच दिवस चिठ्ठीपत्री केली तेव्हा दुसरी चौकट भेटली. कोणाची भाषा कोणती, ते तिनं तू सांगितलं तसंच लिहून पाठवलं. तिकडून एका बाईचं उत्तर आलं, का हे वाचून आमच्या ऑफिसात सगळे हासले, अन् तुमच्या दोघी कथनकारांना नमस्कार सांगा. तर हा तुझ्या वाटचा नमस्कार.

तू मरळ बोलली तेव्हा सोनूनं कानावरचं काढून माझ्याकडे पाह्यलं होतं, आठवते? ‘आई, तुझा आवाज मावशीच्या तोंडातून काऊन येऊन राह्यला?’ काल गुरुजीच्या घरीबी तसंच झालं. मरळ बोलाले लागली का लोक माझ्याकडे पाहत अन् टाळ्या देत. मी म्हणत होती, मी नाई वं, ते खातून आहे. कोणी ऐकलं नाई. मंग बांगडीवाली बोलली, शेवटी तू मलेच कराले देली ते, तर तुझ्या नावानं वाहवा. म्हणलं, जाऊ दे, दोघीचंबी काम झालं.

आता दुसरं. तू इथी होती त्या दोन दिवसांत बाजार नव्हता, म्हणून माझी सुटका झाली. त्याच्या पुढच्या दोन बाजारायले गेली, अन् खरं सांगते, तेव्हा बोलली नाई. तोंड उघडलं अन् ‘मरळ घ्या, मरळ’ म्हणलं. परवाच्या बाजाराले मासोळी नेलीच नाई. हात रिकामे नेले, का तोंडाले दुसरं काम नको.

उभी राह्यली. आपल्या वेळच्या चार जणी उरल्या आहेत. सुकटवाली लसमाबाई, माझी जाऊ, अन् कोपऱ्यातल्या त्या दोघी बहिणी. मी मोठ्यानं म्हणलं, “बायांनो, ऐका. ही बाजूची जागा माझी नव्हती. खातूनची होती. मी चुनावाल्याले खोटं सांगितलं. ती आली तेव्हा मी तिले जागा देली नाई, अन् तिच्याकडे पाह्यलं बी नाई.”

सगळा बाजार थांबला. मिरचीवाली संघप्रिया नवीन आहे, तिले वाटलं मले चक्कर येऊन राह्यली. पाणी घेऊन धावली. जाऊ लाल झाली, म्हणाली, ‘हे काय बाजारात सांगाचं?’ मी म्हणलं, ‘बाजारातच घेतली होती.’

अन् लसमाबाई, पंच्याहत्तर वर्षांची, तंबाखू चोळत म्हणते काय माहीत आहे? “आम्हाले मालूम होतं. चौदा वर्षांपासून वाट पाहून राह्यलो, का ही कधी बोलते.”

कोपऱ्यातल्या दोघीनं मान हालवली. खातून, सगळ्यायले माहीत होतं! मी एकटीच लपवून राह्यली होती, अन् लपलेलं काही नव्हतंच. मले रडू यायचं सोडून हासू आलं. मंग लसमाबाई हासली. मंग संघप्रिया तांब्या हातात घेऊन हासाले लागली, तिले तर काहीच कळलं नव्हतं. जाऊ त्या दिवशी परत बोलली नाई, पण काल गुरुजीच्या घरी सगळ्यात समोर येऊन बसली होती.

तू बल्लारपूरले पेटी नेली होती तेव्हापासूनचं सगळं मी त्या दिवशी चालत घरी येताना आठवत आली. मोजलं नाई, नुसतं आठवलं. तू बाजार सोडला, पेटी बंद केली, हे मले तुझ्या पत्रातून कळलं. त्याची भरपाई माझ्यापाशी नाई. मी सांगितलं एवढंच. आता तुझा राग तू ठेव का सोड, मी त्याच्यावर हक्क सांगणार नाई.

महेकच्या निकाहचं. बसमध्ये चढताना तू म्हणली, ‘येशील का?’ अन् मी काही बोलाच्या आधी कंडक्टरनं घंटी मारली. तुले वाटलं असन, ही परत गप राह्यली. म्हणून उत्तर लिहून राह्यली. येते. सोनू अन् तिचे बाबा निकाहच्या दिवशी येतीन. मले तोवर काऊन थांबाचं? पोरीच्या लगनाच्या घरात काम असते, चादरी धुवाच्या असतात, महेकले मासोळीचे काटे काढाले शिकवाचं आहे, सासरी जाच्या आधी.

पिशवी भरून ठेवली. हे पत्र अहेरीच्या पोस्टात टाकते अन् तिथूनच उद्या सकाळच्या गाडीत बसते. पत्र आधी पोचते का मी, पाहू. मी आधी पोचली तर दार उघड अन् काही विचारू नको. सगळं पत्रात आहे, मागून येऊन राह्यलं.

गोकुळा